किती किलोची सर्व्हो?

रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद असलेल्या कुठल्याही टोळक्यात नवीन भिडू आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "विमान कितीला पडलं?" आणि दुसरा हमखास हा, "सर्व्हो किती किलोची लावू?" कांदे घ्यायला निघाल्यासारखा! त्याहून गंमत म्हणजे जुने खेळाडूही कांदेवाल्याच्याच थाटात उत्तर देतात. "सहाची बास." "अरे वीसची टाक, टेन्शनच नाही." विमान कोणतं, फळी केवढी, वेग किती, काही विचारायचं नाही. किलो सांगायचे आणि मोकळं व्हायचं.

तर मंडळी, आज या किलोंबद्दल. विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका, आठवीचं विज्ञान पुरतं. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतलं फारसं काही लागत नाही, हे बघून मलाही थोडं वाईट वाटलं.)

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी: विमानाला हलत्या फळ्या असतात. पंखांच्या मागच्या कडेला एलेरॉन, शेपटीवर आडवा एलेव्हेटर आणि उभा रडर. या फळ्या हवेत तिरक्या केल्या की विमान वळतं, उठतं, गिरकी घेतं. खऱ्या विमानात त्या हलवायला पायलटचा हात असतो किंवा हायड्रॉलिक्स. आमच्या विमानात सर्व्हो असते. काडेपेटीएवढी प्लास्टिकची किंवा धातूची डबी. आत छोटी मोटर, दातेरी चाकं, आणि दांडा किती फिरला ते मोजणारं सर्किट. ज्यांनी कॉलेजात रोबोटचा प्रोजेक्ट केलाय त्यांनी टॉवरप्रोची ती निळी एसजी९० नक्की हाताळली असणार. ९ ग्रॅम वजन, १.८ किलो-सेंटीमीटर ताकद.

हे किलो-सेंटीमीटर म्हणजे काय? सर्व्होच्या मधल्या अक्षापासून बरोबर १ सेंटीमीटरवर दोरी बांधून वजन लटकवलं, तर किती किलो ती तोलून धरेल, तो आकडा. दोरी २ सेंटीमीटरवर बांधली की निम्मं वजन. ४ वर बांधली की पाव. म्हणजे नुसते "किलो" म्हणणं मुळातच अर्धवट आहे, सेंटीमीटर कुठले ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दुसरी मेख अशी की खोक्यावर छापलेला आकडा हा सर्व्हो जिथे थांबते तिथला असतो. तेवढं वजन दिलं की ती हलत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. काम करून घ्यायचं असेल तर त्याच्या निम्म्यातच राहावं लागतं. दहा किलोची सर्व्हो म्हणजे दहा किलो उचलणारी सर्व्हो नव्हे, दहा किलोखाली अडकून पडणारी सर्व्हो!

आता ही विमानं आम्ही कुठे उडवतो ते सांगतो, कारण पुढचा सगळा मामला तिथे घडला.

मुंबई-ठाण्यात मोकळं मैदान नावाची वस्तू उरलेली नाही. जी आहेत तिथे एकाच वेळी सहा क्रिकेट मॅच चालू असतात. मग आम्ही खोडाळ्याला जातो. नाशिक हायवेने कसाऱ्यापर्यंत जायचं, घाट चढायच्या आधी डावीकडे विहीगावचा रस्ता धरायचा, अशोका धबधब्याच्या पाट्या मागे टाकत वर चढत गेलं की खोडाळा. पुढे तोच रस्ता मोखाड्याला आणि जव्हारला जातो. आधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये. मुंबईला पाणी पाजणारी वैतरणेची धरणं याच भागात, आणि याच मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. असो.

भात कापून झालं की डिसेंबर ते फेब्रुवारी इथले माळ मोकळे असतात. सकाळी दहापर्यंत हवा पडलेली असते, मग हळूहळू वारा सुटतो. गर्दी नाही, डोक्यावरून वायरी नाहीत. (२०२१ च्या ड्रोन नियमांत आमच्यासारख्या हौशी विमानांची वेगळी व्याख्या आहे, २५ किलोच्या आतली, डोळ्याला दिसत राहतील एवढ्याच अंतरात उडवायची, आणि हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा. तेवढं पाहूनच जातो.) ज्यांच्या माळावर उडवतो त्या काकांना विचारून, आणि उतरल्यावर माळावर पडलेले टेप-झिपटायचे तुकडे वेचून. काका पैसे घेत नाहीत, पण विमान उडताना त्यांना शेजारी खुर्ची लागते. आणि पाड्यावरची वीस-पंचवीस पोरं कुठून कशी कळतं कोण जाणे, पंधरा मिनिटांत बांधावर हजर!

हवेचा जोर कसा वाढतो हे समजायला त्याच रस्त्यावरची एसटी बरी. कंडक्टरचं लक्ष नसताना खिडकीबाहेर हात काढा, तळवा समोर करून. गाडी घाटात वीसने जात असेल तर हात सहज राहतो. सपाटीला चाळीस झाली की हात मागे रेटला जातो. वेग दुप्पट झाला पण जोर दुप्पट नाही, चौपट झाला. साठला नऊपट. वेगाचा वर्ग. आता तळवा आडवा करा, जोर गेला. हळूहळू तिरका करत न्या, जोर परत वाढत जातो. झालं, सर्व्होच्या शास्त्रातले दोन धडे संपले. तिसरा धडा आकाराचा. इथल्या बायका लावणीला इरलं घेतात ते पाहिलंय? वाकून काम चालू असेल तोवर ते पाठीवर निवांत असतं. उभं राहून वाऱ्याकडे पाठ केली की तेच इरलं बाईला पुढे ढकलतं. फळीचं तसंच. लांबी दुप्पट केली तर जोर दुप्पट. पण रुंदी दुप्पट केली तर चौपट, कारण एक तर हवा अडवणारी जागा वाढते आणि वर तो जोर बिजागरीपासून लांब जाऊन बसतो.

अॅरोबॅटिक विमानांची गोची इथेच आहे. साध्या ट्रेनर विमानाचा एलेव्हेटर म्हणजे दोन बोटं रुंदीची पट्टी, पंधरा-वीस अंश हलली की पुष्कळ. हवेत उभं राहणारी, शेपटीवर नाचणारी विमानं घ्या, त्यांचा एलेव्हेटर तळहाताएवढा रुंद आणि ४५ अंशांच्या पुढे वळणारा. रुंदीही जास्त, कोनही जास्त. मग सर्व्होवर किती भार येणार?

गेल्या जानेवारीत आम्ही पाच जण गेलो होतो. आमच्यातला सगळ्यात चांगला उडवणारा, त्याला इथे पायलटच म्हणू, त्याने नवीन विमान आणलं होतं. दीड मीटर पंख, सव्वादोन किलोच्या आसपास वजन, इलेक्ट्रिक. सकाळभर त्याने असं काही उडवलं की बस्स. जमिनीपासून फूटभर वर विमान उभं लटकवून ठेवलं, पोरं वेडी झाली. साडेदहाला त्याने स्प्लिट-एस काढला. म्हणजे वर उंच जायचं, विमान उलटं करायचं, आणि काठी ओढून अर्धा लूप खालच्या बाजूला पूर्ण करायचा. विमान खाली येत येत सरळ होतं आणि उलट दिशेला निघून जातं. सोपा प्रकार आहे, त्याने शेकडो वेळा केलाय.

यावेळी लूप उघडतच गेला. मी त्याच्या शेजारी उभा होतो, काठी पोटाशी होती, पूर्ण ओढलेली. विमान वळत होतं, पण कंजूषपणे, जसं काही कोणी शेपूट धरून ठेवलंय. सत्तर-ऐंशी मीटरवरून आलेलं विमान माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर सरळ झालं आणि बांधाच्या टोकावरून सुसाट निघून गेलं. त्या टोकापासून पंधरा-वीस पावलांवर पोरं बसली होती.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

पायलटने गप्प उतरवलं. आम्ही सगळे विमानाभोवती जमलो. काका खुर्चीतून उठून आले, विमानाकडे पाहिलंही नाही, म्हणाले, "ते राहू द्या दादा. पडलं असतं तर कुठं पडलं असतं, ते सांगा." कोणाकडेच उत्तर नव्हतं, किंवा सगळ्यांकडे होतं पण बोलायचं नव्हतं. काकांनीच पोरांना हाकारून माळाच्या दुसऱ्या टोकाला आंब्याखाली नेऊन बसवलं.

आता पाच सॉफ्टवेअरवाले (खरं तर चार, एक जण मेकॅनिकलचा) एखाद्या बिघाडाभोवती जमले की काय होतं तुम्हाला माहीत आहे. पहिली सूचना: सेटिंग बदल. रिमोटमध्ये एलेव्हेटरची हालचाल ६० टक्क्यांवर ठेवलेली होती. "शंभर कर ना!" आमच्या धंद्यातला हा उपजत रोग आहे. मशीन नीट चालत नसेल तर कॉन्फिग फाइल उघडायची.

मेकॅनिकलने मान हलवली आणि गावात गेला. परत आला तो दुकानातला हुकाचा काटा घेऊन, तोच तो शाळेत ज्याला ताणकाटा म्हणायचो. विमान चालू केलं (पंखा काढून, अर्थात), एलेव्हेटर मधोमध ठेवला, फळीच्या मागच्या कडेला कापडी पट्टी बांधून हुक अडकवला आणि सावकाश ओढला. फळी ज्या क्षणी हार मानून हलायला लागली तिथे आकडा वाचायचा आणि लगेच सोडायचं, नाहीतर सर्व्हो जळते. आकडा आला ४२० ग्रॅम. बिजागरीपासून कड ९ सेंटीमीटर. ४२० गुणिले ९, म्हणजे साधारण ३.८ किलो-सेंटीमीटर.

सर्व्होच्या खोक्यावर लिहिलं होतं ६.

बाकीचे सव्वादोन किलो-सेंटीमीटर कुठे गेले? दोन ठिकाणी. पहिलं, खोक्यावरचा ६ हा ६ व्होल्टला होता, आणि विमानात सर्व्होला ५ व्होल्ट मिळत होते. ताकद साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात असते, तेव्हा ६ चे झाले ५. दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं. सर्व्होच्या दांड्याला एक हात असतो, त्याला चार-पाच भोकं. फळीला एक शिंग असतं, त्यालाही भोकं. मधे सळई. पायलटने जास्तीत जास्त हालचाल मिळावी म्हणून सळई हाताच्या सगळ्यात बाहेरच्या भोकात (२.५ सेंटीमीटर) आणि शिंगाच्या सगळ्यात आतल्या भोकात (२ सेंटीमीटर) लावली होती. नाचणाऱ्या विमानांना सगळेच असं लावतात. पण तरफेचा नियम काही नाचणाऱ्यांना सूट देत नाही. ५ गुणिले २ भागिले २.५, उरले ४. सांध्यातली ढिलाई वगैरे धरून काट्यावर ३.८. हिशोब जुळला!

लागत किती होते ते आता बघू. हा हिशोब मला फार आवडतो कारण तो ग्रॅममध्ये मांडता येतो. ताशी ९० किलोमीटर वेगाला समोरून आदळणारी हवा दर चौरस सेंटीमीटरवर साधारण ३.८ ग्रॅमचा दाब टाकते. (खोडाळ्याचं पठार उंचावर आहे म्हणून हवा थोडी विरळ, पण फरक तीन-चार टक्क्यांचा, तो सोडून देऊ.) एलेव्हेटर ५५ बाय ९, म्हणजे साधारण ५०० चौरस सेंटीमीटर. पूर्ण आडवा धरला तर १.९ किलोचा जोर. ४५ अंशांवर तिरका असेल तर त्याच्या सत्तर टक्के, १.३ किलो. हा जोर रुंदीच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ४.५ सेंटीमीटरवर बसतो असं धरा. आले साधारण ६ किलो-सेंटीमीटर. हा हिशोब जरा घाबरट आहे हे कबूल, खऱ्या फळीला बिजागरीच्या पुढे एक छोटं टोक असतं, त्यावरची हवा थोडी मदतच करते. पण घाबरट हिशोबाचं विमान जास्त टिकतं.

स्प्लिट-एसमध्ये वेग ९० राहत नाही. १२५ च्या आसपास गेला असं धरलं तर दाब जवळजवळ दुप्पट, ७.५ ग्रॅम. तिथे नुसते २० अंश मागितले तरी लागतात जवळजवळ तेच ६. आपल्याकडे आहेत ४. मग काय होतं? सर्व्हो तुटत नाही, बंद पडत नाही. ती हवेच्या रेट्यापुढे मागे सरते, जिथे दोघांचा तोल जमेल तिथे थांबते. गणित करून पाहिलं तर साधारण १४ अंश. वीस मागितले, चौदा मिळाले! आणि रिमोटवर शंभर टक्के केलं असतं तरी चौदाच मिळाले असते. मागणी वाढवून पुरवठा वाढत नाही.

वाईट भाग असा की जमिनीवर यातलं काहीच दिसत नाही. टेबलावर फळी झोकात वर-खाली होते, खोक्यावरचा वेगही छान असतो (तोही बिनभाराचा). हळू उडताना, हवेत लटकताना सगळं मस्त. सकाळभर पायलटने जे जे केलं त्यात शेपटीवर पंख्याची हवा होती, पण विमानाचा वेग नव्हता. अवघड दिसणारे खेळ सर्व्होला सोपे होते आणि सोपा दिसणारा खेळ अवघड. म्हणजे सर्व्हो निवडायची ती कसरत बघून नव्हे, विमान सगळ्यात जास्त वेगात असताना त्याला वर काढायला किती लागेल ते बघून. काकांनी विचारलेला प्रश्न तोच होता.

हा प्रकार फक्त खेळण्यांचा नाही. दुसऱ्या महायुद्धातलं जपानचं झीरो विमान आठवा, इतकं चपळ की सुरुवातीला कोणालाच ऐकत नव्हतं. जून १९४२ मध्ये त्यातलं एक अलास्काजवळच्या अकुटान बेटावर दलदलीत उलटं पडलं. अमेरिकनांनी ते उचलून सॅन दिएगोला नेलं, दुरुस्त केलं आणि सप्टेंबरमध्ये स्वतः उडवून पाहिलं. त्यात कळलं ते असं की २०० नॉट्सच्या, म्हणजे ताशी सुमारे ३७० किलोमीटरच्या वर त्याचे एलेरॉन जवळपास गोठतात. पायलटने दोन्ही हातांनी काठी रेटली तरी गिरकी संथच. तिथे सर्व्हो म्हणजे पायलटचा दंड, आणि तो वेगाच्या वर्गाला पुरा पडत नव्हता. मग अमेरिकन पायलटांना सांगितलं गेलं, झीरो मागे लागलं तर सूर मारा, वेग वाढवा आणि गिरकी घ्या. आजच्या खऱ्या अॅरोबॅटिक विमानांत एलेरॉनखाली फावड्यासारख्या पट्ट्या लोंबताना दिसतात ना, त्या त्यासाठीच. फळी वळली की ती पट्टी हवेत येते आणि हवेचाच जोर पायलटच्या मदतीला लावते. आमच्या कमी लांबीच्या विमानांत ते परवडत नाही, आम्हाला भोकंच बदलायची.

तर भोकं बदलली. त्याच माळावर, त्याच सर्व्होवर, त्याच बॅटरीवर. सळई हाताच्या आतल्या भोकात, १.५ सेंटीमीटरवर, आणि शिंगाच्या बाहेरच्या भोकात, २.५ वर. रिमोटवर ६० चे १०० टक्के. काटा लावला: ९०० ग्रॅम. ताकद दुपटीच्या वर, खर्च शून्य रुपये! हालचाल किती गेली? आधी ६० टक्क्यांवर फळी साधारण ३५ अंश वळत होती, आता शंभरावर २५. रिमोटमध्ये अजून थोडं ताणून तीसपर्यंत आली. पायलट म्हणजे सुरुवातीपासून ३५ च वापरत होता, बाकीची हालचाल त्याने स्वतःच सेटिंगमध्ये कापून टाकली होती, आणि त्या न वापरलेल्या हालचालीसाठी निम्मी ताकद घालवून बसला होता. रिमोटमध्ये टक्के कमी केले की फळी कमी हलते, ताकद एक ग्रॅमनेही वाढत नाही. ताकद वाढते ती भोकात.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, पण पायलटला रात्री झोप लागली नाही आणि त्याने वीस किलोच्या चार सर्व्हो मागवल्या. हाही आपल्या पिढीचा रोग. धडकी भरली की हार्डवेअर मागवायचं.

वीसचं दुखणं दोन प्रकारचं. एक तर वजन. एलेव्हेटरची सर्व्हो या विमानात शेपटीत बसते. जुनी ३० ग्रॅमची, नवी ६०. शेपटीत वाढलेले तीस ग्रॅम तोलायला नाकात पाऊणशे ग्रॅम शिसं घालावं लागतं, कारण नाक गुरुत्वमध्यापासून जवळ आणि शेपूट लांब. शंभरेक ग्रॅम वाढले, म्हणजे खाली येताना ते वळवायला अजून जोर हवा. दुसरं दुखणं विजेचं. मोटरवर भार जितका, तितका करंट ती ओढते, आणि थांबली की सगळ्यात जास्त. मोठ्या सर्व्हो थांबल्या की प्रत्येकी तीन-चार अँपिअर सहज ओढतात. चारही एकदम अडल्या तर बारा-पंधरा. विमानातल्या रेग्युलेटरची कुवत पाच. मग व्होल्टेज कोसळतं, आणि त्याच तारेवर रिसीव्हरही असतो. रिसीव्हर रीबूट! जमिनीवर सर्व्हर रीबूट झाला तर दोन मिनिटं चहा पिऊन येतो आपण. सुरुवातीच्या २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हरना परत जोडले जायला काही सेकंद लागायचे, आताचे फार लवकर येतात, पण ताशी १२५ ने खाली येणारं विमान एका सेकंदात पस्तीस मीटर जातं. दुसऱ्या एका ग्रुपचं मोठं पेट्रोल इंजिनचं विमान असं गेलेलं मी पाहिलंय. सर्व्हो दणकट होत्या, अवशेषांतही चालू होत्या.

मेकॅनिकलने मग पायलटला घरी बसवून कागदावर हिशोब मांडायला लावला, फळीकडून मागे. या एलेव्हेटरला जास्तीत जास्त वेगात २० अंश हवेत: ६. त्याच्या दुप्पट मिळावी म्हणजे सर्व्हो निम्म्या भारावर, न गुरगुरता, वेगात काम करेल: १२. हात १.५, शिंग २.५, तेव्हा सर्व्होकडून लागतात ७.२. रेग्युलेटर वेगळा बसवून खरोखरचे ६ व्होल्ट दिले तर साधारण ८ किलोची, धातूच्या दात्यांची, चाळीस ग्रॅमच्या आतली सर्व्हो पुरते. एकच, एलेव्हेटरला. एलेरॉनच्या आहेत त्याच ठेवायच्या, भोकं बदलून. तीन वीसच्या परत गेल्या. चौथीचं खोकं पायलटने फाडलेलं होतं, ती दुकानदाराने घेतली नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही किलोने सुटत नाही, ती म्हणजे ढिलाई. सळईचा वाकडा टोकाचा भाग भोकात सैल असेल, किंवा दाते झिजले असतील, तर सर्व्हो पन्नास किलोची असली तरी फळी दोन-तीन मिलिमीटर मोकळीच. वेगात ती फडफडायला लागते, आणि ती फडफड स्वतःलाच वाढवत नेते. खालून ऐकू येतं, भिंगरीसारखा आवाज, आणि अर्ध्या सेकंदात फळी सुटून वेगळी उडत असते. त्यामुळे भोकं घट्ट, बिजागरीच्या फटीवर पारदर्शक टेप, आणि दर वेळी उडवायच्या आधी फळी दोन बोटांत धरून हलवून बघणं. कंटाळवाणं काम आहे, पण पायलट आता न सांगता करतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी परत गेलो. नवीन सर्व्हो, वेगळा रेग्युलेटर. आधी काटा लावला, दीड किलोपर्यंत ओढून पाहिलं, फळी हलायला तयार नाही, तिथे थांबलो. मग पायलटने दीडशे पावलं लांब, आमच्यापासून दूर जाणाऱ्या रेषेत, नेहमीपेक्षा वीस मीटर जास्त उंचीवरून स्प्लिट-एस काढला. लूप गोल आला, तळ जमिनीपासून चांगला चाळीस मीटर वर. पोरं आंब्याखालीच होती, काकांनी त्यांना तिथून उठू दिलं नाही. त्यातल्या एकाने नंतर विचारलं, मागच्यासारखं खालून का नाही काढलं? पायलटने त्याला जवळ बोलावून रिमोट हातात दिला, विमान जमिनीवर ठेवून, आणि काठी ओढली की एलेव्हेटर कसा वर येतो ते दाखवलं. मग दुसऱ्या हाताने फळी दाबून धरायला सांगितलं. पोरगं दहा वर्षांचं असेल, ओठ चावून दाबत होतं. फळी तसूभर हलली नाही, मग त्याने दोन्ही हात लावले.